न्याय, दया आणि बांबूउडी

न्याय आणि दया यांतील विरोध हा नीतिशास्त्रातील एक जुना वाद आहे. विद्वानांनी त्याचा काथ्याकूट पुष्कळ केला आहे. परंतु जेथे हा वाद क्षणार्धात आणि शेकडो डोळ्यांदेखत मिटवावा लागतो, त्या खेळाच्या मैदानाकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. त्यातही बांबूउडीच्या पंचाचे काम आम्हांस या दृष्टीने विशेष विचारार्ह वाटते.

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी नावाचे गाव आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयात जाऊन आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बांबूउडीसाठी उतरला आहे, अशी कल्पना करावी. शहरातील प्रतिस्पर्ध्याजवळ स्वतःच्या वजनास साजेशी फायबरग्लासची काठी आहे. याने सराव केला तो गावच्या वेळूवर, आणि आज हाती आहे ती उसनी काठी. चार-पाच मीटर लांबीची काठी एस्. टी.च्या टपावरून नेणे हीच मुळी एक कसरत! दोन संधी वाया गेल्या आहेत. तिसऱ्या खेपेस त्याचे शरीर दांडीपलीकडे जाते, प्रेक्षक टाळ्या पिटतात, आणि त्याच्या छातीचा ओझरता स्पर्श झालेली दांडी क्षणभर थरथरून खाली येते. अशा वेळी पंचाने त्यास आणखी एक संधी दिली तर कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न कोणाही सहृदय मनुष्याच्या मनात उभा राहील.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी नियम काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. लागोपाठ तीन वेळा अपयश आले की स्पर्धक बाद होतो. उडी घेणाऱ्याच्या कृतीमुळे दांडी खुंट्यांवरून पडली तर ते अपयश. नुसता स्पर्श झाला व दांडी जागीच राहिली तर ते अपयश नव्हे. परंतु डळमळणारी दांडी उडी घेणाऱ्याने मुद्दाम हाताने सावरली, तर ती न पडताही उडी फुकट जाते. उलटपक्षी, स्पर्धक दांडीस न शिवता पार गेल्यावर ती वाऱ्याच्या झोताने पडली तर उडी यशस्वी समजली जाते. अन्य प्रसंगी वाऱ्याने तिला हलविले तर नवी संधी मिळते. आणि उडी घेताना काठीच मोडली तर ते अपयश धरीत नाहीत. तो प्रयत्न पुन्हा करू देतात.

वरवर पाहता ही किरकोळ कलमांची जंत्री वाटेल. पण तिच्या मुळाशी कर्तृत्वाविषयीचा एक सखोल विचार आहे. दांडी राहिली की पडली, एवढे फळ पाहून नियम थांबत नाही. त्या फळाचा कर्ता कोण, हेही तो विचारतो. वाऱ्याचा दोष तो मनुष्याच्या माथी मारीत नाही, मोडक्या काठीचे प्रायश्चित्त धडक्या हातांस देत नाही, आणि हातचलाखीने टिकविलेल्या यशास यश म्हणत नाही. मग ओझरता स्पर्श तो माफ का करतो? आमच्या मते याचे कारण असे की, दांडी पडलेली सर्वांस दिसते, पण केसभर स्पर्श खालून पाहणाऱ्या पंचास खात्रीने दिसेलच असे नाही. मनुष्याच्या डोळ्यास जे नीट दिसत नाही त्यावर निवाडा टांगून ठेवू नये, इतका विनय या नियमात आहे.

याचा अर्थ असा की, जेवढी दया न्यायाशी सुसंगत आहे तेवढी नियमाने आपल्या पोटात आधीच घातली आहे. तीन संधी ही दयाच होय. मोडलेल्या काठीची माफी ही दयाच होय. ज्या पंचास हे ठाऊक नसते तो काठी मोडलेल्या मुलास बाद ठरवितो, आणि त्याच्या हातून क्रौर्य घडते ते कठोरपणामुळे नव्हे, तर अज्ञानामुळे. खेड्यांतील मुलांचे नुकसान नियमाच्या ज्ञानाने जितके झाले नसेल तितके नियमाच्या अज्ञानाने झाले असेल. अँटवर्पच्या १९२० सालच्या ऑलिंपिकपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांनी पुढे लिहून ठेविले की, धावणारी मुले शेतकरी वर्गातील असून नियमांची किंवा आधुनिक शिक्षणाची त्यांस कल्पना नव्हती. त्याच खटपटीतून निवडले गेलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये १९वे आले. पायांत बळ होते. उणीव होती ती शिकविणाराची.

यावर कोणी म्हणेल की, नियमच जर विषम असेल तर त्याचे इमानेइतबारे पालन म्हणजे विषमतेचीच चाकरी नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाही. काठी कोणत्याही पदार्थाची व कितीही लांबीची असू शकते. म्हणजे पैसेवाल्यास चांगली काठी मिळणार हे नियमास मान्यच आहे. परंतु नियमातील दोष खेळ रंगात आला असता सुधारू गेल्यास काय होते, हे १९७२ साली म्युनिकला दिसले. नव्या बनावटीच्या काठ्यांवर प्रथम बंदी आली, मग ती उठली, आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर पुन्हा लागू झाली. १९६८चा विजेता बॉब सीग्रेन यास परक्या काठीने उडी घ्यावी लागली. वुल्फगांग नॉर्डविग याने सुवर्णपदक मिळविले आणि सीग्रेन दुसरा आला. नियम वाईट असेल तर तो सामन्यापूर्वी बदलावा, आणि सर्वांसाठी बदलावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पंचाने आष्टीच्या मुलास चौथी संधी दिली, तर ती कोणाच्या पदरची? तिची किंमत पंच मोजीत नाही. ती मोजतो त्या मुलाच्या पुढे-मागे असलेला, नियमाप्रमाणे तीनच संधी मिळालेला दुसरा मुलगा. आणि तोही कदाचित दुसऱ्या एखाद्या खेड्यातूनच आलेला असतो. पंचाची ही दया म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र होय. दया करावयाची तर ती स्वतःच्या पदरची करावी.

तशी दया या खेळात घडलेली आहे. १९३६ साली बर्लिनला शुहेई निशिदा व सुएओ ओए या दोघा जपानी खेळाडूंनी ४.२५ मीटर उडी मारली. पण दुसऱ्या क्रमांकासाठी आपसात आणखी झुंजण्यास ते राजी नव्हते. अखेर जपानी संघाने निशिदास दुसरा व ओए यास तिसरा क्रमांक दिला. मायदेशी परतल्यावर दोघांनी आपापली पदके मधोमध कापून अर्धे रौप्य व अर्धे कांस्य असे जोडून घेतले. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत केटी मून व नीना केनेडी ४.९० मीटरवर सर्वस्वी बरोबरीत राहिल्या, तेव्हा निर्णायक उडी न घेता त्यांनी सुवर्णपद वाटून घेतले. आणि आजचा नियम त्यास मुभा देतो. येथे ज्यांचे होते त्यांनीच दिले. पंचास असे देता येत नाही, कारण त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नसते.

म्हणून पंचाने त्या मुलास बाद ठरवावे, असेच आम्ही म्हणू; मात्र त्याने ते कष्टी मनाने करावे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या महाविद्यालयाच्या चालकांकडे जाऊन आष्टीसारख्या गावांसाठी एक चांगली काठी, एक जाड गादी आणि नियम समजावून सांगणारा एक शिक्षक यांची मागणी करावी. ती पुरी होईपर्यंत त्याने चालकांस स्वस्थ बसू देऊ नये. मैदानावर आवरलेल्या दयेस वाट मिळावयाची ती येथेच.