उसाचं पेट्रोल आणि जुन्या गाडीची नळी

इनामगावच्या शिवारात पाणी वळवण्याची अक्कल फार जुनी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट आणि त्याला लागून घातलेला दगडमातीचा बांध सापडला. घोड नदीच्या पुराचं पाणी शेतापर्यंत न्यायचं तर वाट धड हवी, हे त्या लोकांना कळत होतं. आज त्याच घोडकाठी ऊस उभा आहे. शिरूर-दौंडच्या उसाची मळी आणि रस यांपासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळून आपल्याच गाड्यांच्या टाकीत परत येतं. २०२२ च्या जूनमध्ये देशात हे मिश्रण १० टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पासून बहुतेक पंपांवर तेच मिळतं.

इथेनॉलला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. उसाला आणि मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्यांच्या शेतातून हे इंधन निघतं, त्यांनीच ते आपल्या दारातल्या जुन्या गाडीचं काय करतं हे जाणून घ्यायचं नाही, ही बेपर्वाई मला सहन होत नाही. जुन्या गाड्यांमधल्या पेट्रोलच्या नळ्या आतून साध्या नायट्राइल रबराच्या असतात. इथेनॉल अशा रबरात मुरतं, ते फुगवतं आणि रबर मऊ ठेवणारे घटक बाहेर ओढून काढतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की तीच नळी वाळते, कडक होते, चिरते. हा काही अफवांचा विषय नाही. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील आणि तो खर्च फारसा नाही. सरकारने सांगितलं, आपण ऐकलं, आणि बोनेट काही उघडलं नाही.

कार्बोरेटरच्या फियाटला किंवा अँबेसेडरला ही ढिलाई कशीबशी खपून जायची. तिथे पेट्रोलचा दाब जेमतेम तीन-चार पौंड, त्यामुळे नळी गळली तरी थेंब पडायचा, वास यायचा. इंजेक्शनच्या गाडीचं तसं नाही. पुण्यात १९९५ पासून जुळवलेली मर्सिडीजची ई-क्लास घ्या, त्याच सुमाराची सिएलो घ्या, नाहीतर नंतरची एमपीएफआय एस्टीम आणि मारुती ८००. या गाड्या आता वीस-तीस वर्षांच्या झाल्या, शौकीन मंडळी त्या हौसेनं जपतात. त्यांच्या इंजेक्टरपाशी अडीच-तीन बारचा दाब असतो, म्हणजे चाकात भरतो त्या हवेपेक्षाही जास्त. अशा नळीला चीर गेली की थेंब पडत नाही, बारीक फवारा उडतो, आणि उडतो तोही तापलेल्या मॅनिफोल्डवर. पेट्रोलच्या वाफेला पेटायला उणे ४० अंशाची थंडीही आडवी येत नाही. वरून ती हवेपेक्षा जड, त्यामुळे उडून न जाता खाली साचून राहते.

आणि आपण काय बसवतो? तालुक्याच्या गावातलं कुठलंही गॅरेज बघा. भिंतीवर काळ्या नळीचं वेटोळं टांगलेलं असतं, त्यातून मिस्त्री वीतभर कापतो, तोंड जरा मोठं निघालं तर क्लिप आवळून बसवतो, क्लिप नसेल तर बायंडिंगची तार पिळतो. फवारणी पंपाची पारदर्शक नळी पेट्रोलला लावलेलीही मी पाहिली आहे. ती प्लास्टिकची, पेट्रोलमध्ये काही दिवसांतच काडीसारखी ताठ होते. एकदा एका गॅरेजमध्ये काढून टाकलेली नळी मी ब्लेडने उभी चिरायला लावली. बाहेरून ती नवी वाटावी इतकी काळीभोर होती. आत मात्र अस्तर सुटून त्याचे पापुद्रे झाले होते, आणि बोटाला काळा बुक्का लागत होता. तोच बुक्का पुढे इंजेक्टरच्या बारीक भोकात अडकतो, मग गाडी मिस मारते आणि प्लग बदलण्यावर पैसे जातात. मालकाला नळी दाखवली तर तो म्हणाला, "चालत होती की."

या "चालतंय की"शी माझं भांडण आहे. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क माणसाला असेल, त्यावर वाद घालू. पण गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेलं पोर, माहेरी निघालेली लेक, दवाखान्यात चाललेली आजी, यांना त्या नळीचं काहीच ठाऊक नसतं. ती आपल्या भरवशावर बसतात. त्यांना न सांगता त्यांचा जीव पणाला लावायचा आणि वाचलेल्या पैशांतून मागच्या काचेवर घराण्याचं नाव रेडियमने लिहून घ्यायचं, हा गुन्हा आहे. कायद्यात त्याला कलम सापडो न सापडो.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. घाला हार. हत्याराला, यंत्राला नमस्कार करणारी रीत मला आवडते. पण गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. गाडीच्या पूजेतही तोच क्रम असायला हवा. टॉर्च हातात घेऊन टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी त्या दिवशी हाताने वाकवून बघावी. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, नळी फुगलेली किंवा चिकट लागली, तर हार बाजूला ठेवून आधी ती बदलावी.

बदलताना काय घ्यायचं, तेही नीट समजून घेतलं पाहिजे. चांगल्या नळीच्या अंगावर तिचा दर्जा छापलेला असतो. "एसएई जे३० आर७" असेल तर ती कार्बोरेटरच्या कमी दाबाची, इंजेक्शनला चालणार नाही. "आर९" ही इंजेक्शनच्या दाबाची, तिच्या आत फ्लोरो-रबराचं अस्तर असतं आणि इथेनॉल त्याला सहजी खात नाही. "आर१४" वाफ कमी झिरपू देते, पण तिचा दाब आणि इथेनॉलची खात्री दुकानदाराकडून नव्हे, कंपनीच्या पत्रकावरून करून घ्यावी. अंगावर काहीच छापलेलं नसेल, तर दुकानदार ओळखीचा असला तरी ती नळी घेऊ नये. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला "आर१०" लागते, कारण आर९ चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलंच नसतं. हा फरक मोठमोठ्या मिस्त्रींनाही ठाऊक नसतो.

माप आतल्या व्यासाचं घ्यावं. आठ मिलिमीटरच्या तोंडावर दहाची नळी आवळून बसत नाही, तिला घडी पडते आणि त्या घडीतून पेट्रोल निघतं. क्लिप घ्यायची ती गुळगुळीत पट्ट्याची, कडा बाहेर वळवलेली. भोकाभोकांची साधी क्लिप आवळली की पट्ट्याच्या कडा रबरात रुततात. जुन्या नमुन्याच्या इंजेक्टरवर नळी कारखान्यातूनच दाबून बसवलेली असते. ती कापताना ब्लेडचा ओरखडा इंजेक्टरच्या तोंडावर उमटला, तर वर कितीही चांगली नळी चढवा, गळणारच. आणि जिथे कंपनीने दोन्ही टोकांना धातूची फिटिंग दिली आहे, किंवा नायलॉनचा पाइप आहे, तिथे रबर आणि क्लिपचा जुगाड करू नये, तसाच भाग मागवावा.

आर९ साध्या नळीपेक्षा काही पट महाग पडते, हे खरं. पण एका गाडीला लागते किती? मीटर-दोन मीटर. दिवाळीच्या फटाक्यांवर आपण त्याहून जास्त उडवतो. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक मागत नाही, गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्रीने सांगितलं नाही, मिस्त्री म्हणतो मालक पैसे देत नाही. ही साखळी मालकाने तोडावी, कारण गाडी त्याची आहे आणि माणसंही त्याची. मिस्त्रीला नळीचं नाव लिहून द्यावं, जुना तुकडा परत मागावा, आणि नीट कामाची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

साखर कारखान्यांनाही माझं सांगणं आहे. गळीत हंगामाला मोळी टाकताना सभासद जमतात. इथेनॉलच्या उत्पन्नाचा हिशेब त्यांना जरूर सांगा, पण त्याच मांडवात एक बोनेट उघडून ठेवा, खराब झालेली नळी कापून दाखवा, शिरूर-दौंडच्या आयटीआयमधल्या मुलांना तिथे उभं करा. पुण्याच्या एआरएआयसारखी वाहन-संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहे, तिच्याकडून माहितीपत्रक मागवणं कारखान्याच्या संचालकांना अवघड नाही.

नळी बदलण्याचं काम थंड इंजिनावर आणि उघड्यावर करायचं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह सोडायचं, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं, आणि बिडी ओढणाऱ्याला फाटकाबाहेर. नवी नळी बसली की फ्यूज आणि बॅटरी जोडून, इंजिन न लावता चावी दोन-चारदा चालू-बंद करायची, पंप दाब भरतो. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून बघायचा. कागद ओला झाला नाही तरच इंजिन सुरू करायचं, दहा मिनिटांनी तेच परत बघायचं, आणि आठवडाभर गाडी फिरल्यावर क्लिपा पुन्हा तपासायच्या.