कालचं ऊन, आजची अंघोळ

सकाळी अंघोळीला बसाल तेव्हा अंगावर पहिला तांब्या घेण्याआधी बादलीत हात घाला आणि घटकाभर तसाच राहू द्या. घाई नको. पाणी किती ऊन आहे ते नीट जाणून घ्या. फार तर चाळीस अंश, म्हणजे आपल्या अंगापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त. अंघोळीला लागते ती ऊब एवढीच. हे मनात धरून ठेवू, कारण पुढचा सगळा विचार या लहानशा गरजेभोवती करायचा आहे.

आता एकेक पाऊल मागे जाऊ. ही ऊब आली कुठून?

यवतमाळ जिल्ह्यात कळंब, राळेगाव, घाटंजीकडच्या कितीतरी घरांत ती अजूनही पऱ्हाटीतून येते. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचतात, शेजारी तुराट्यांचा ढीग लागतो. स्वयंपाकाला गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापतं, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. डिसेंबरच्या पहाटे त्या चुलीपाशी कोण बसलेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई. काडी दवानं ओलसर झालेली, फुंकणीनं फुंकावं तर धूर डोळ्यांत. सासऱ्यांचं पाणी उतरवलं की पोरांचं ठेवायचं, पोरांचं झालं की शेतावर जाणाऱ्याचं, आणि तिची स्वतःची पाळी येईस्तोवर जाळ विझत आलेला.

तिच्याजवळ थोडं थांबू आणि हिशेब करू. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला चार हजार किलोकॅलरी लागतात. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की चाळीस अंशांचं दोनशे लिटर पाणी होतं, चार-पाच माणसांच्या घराला पुरून उरेल इतकं. पण साध्या चुलीत सरपणाची जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. म्हणजे या पाण्यासाठी सात ते दहा किलो सरपण, दररोज. ते वेचायचं, तोडायचं, वाहून आणायचं, पावसाळ्यात कोरडं ठेवायचं. हे श्रम घराच्या जमाखर्चात कुठेच लिहिले जात नाहीत.

यवतमाळ शहरात, पुसदला, वणीला चूल गेली आणि गिझर आला. बटण दाबलं की पाणी तापतं, धूर दिसत नाही. धूर गेला कुठे, हे शोधायला तारेवरून मनानं उलटा प्रवास करा. घरचा मीटर, गल्लीतला खांब, उपकेंद्र, मग चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, आणि त्यामागे वणी पट्ट्यातल्या कोळशाच्या खाणी. उकणी, निलजई या आपल्याच जिल्ह्यातल्या. तिथला कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची झाडं, आणि ती झाडं वाढली त्या काळच्या उन्हावर. इतकं जुनं ऊन जमिनीखालून खणून काढायचं, ते भट्टीत हजार अंशांहून जास्त तापमानाला जाळायचं, त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या उष्णतेची वीज करायची, ती तारांतून मैलोगणती न्यायची, आणि शेवटी काय मिळवायचं? चाळीस अंशांची बादली. पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव मोडून रोजचा भाजीपाला आणावा, तसा हा व्यवहार आहे.

हा कोणाला दोष देण्याचा विचार नाही. थंडीत पोराला ऊन पाणी मिळावं ही इच्छा रास्तच आहे. फक्त गरज केवढी आणि जाळ केवढा, हे दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आता डोकं वर करू.

आपल्या भागात उन्हाची भीतीच फार. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, रस्ते दुपारी ओस पडतात, बाहेर निघायचं तर कानाला दुपट्टा बांधून. मेच्या उत्तरार्धात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते. या उन्हानं पिकं करपवली, विहिरी आटवल्या, माणसं आजारी पाडली. त्याला चांगलं म्हणायला जीभ सहज वळत नाही. पण हिवाळ्यातलं तेच ऊन आठवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, भर दुपारीही क्षितिजापासून सेहेचाळीस अंशांच्या आसपासच. हरभऱ्याच्या शेतात, ओट्यावर, शाळेच्या पटांगणात माणसं आपण होऊन त्यात जाऊन बसतात. सूर्यापासून निघालेला हा उजेड आठ मिनिटं आणि काही सेकंदांत आपल्या पाठीवर पोचतो.

वर्षभराची सरासरी धरली तर आपल्याकडे गच्चीच्या एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटच्या आसपास ऊर्जा ऊनरूपानं पडते. शंभर लिटरच्या सोलर वॉटर हीटरला साधारण दोन चौरस मीटर जागा लागते. म्हणजे त्याच्यावर दहा युनिट पडलं. त्यातलं निम्मं जरी पाण्यात उतरलं तरी पाच युनिट झालं, आणि शंभर लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला लागतं पावणेपाचाच्या आत. गरज आणि देणं इतकं जुळून येतं. २०२४पासून पीएम सूर्यघर योजनेमुळे गच्चीवरच्या वीजपॅनलची चर्चा घरोघरी आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण पॅनल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. पाणी तापवायचं असेल तर उन्हाची आधी वीज करून त्या विजेची पुन्हा उष्णता करण्यापेक्षा उन्हानंच पाणी तापवणं जास्त सरळ आहे.

चला, गच्चीवर जाऊन त्या पाणी तापवणाऱ्या यंत्रासमोर बसू. त्याचं तोंड दक्षिणेला आहे. कल तीस-पस्तीस अंशांचा, आपल्या वीस अंशांच्या अक्षांशापेक्षा मुद्दाम जास्त, कारण ते हिवाळ्याच्या झुकलेल्या सूर्याकडे बघतं. काचेखाली काळा लेप दिलेला पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, किंवा मग काचेत काच बसवलेल्या लांब नळ्या. दोन काचांमधली हवा काढून घेतलेली, म्हणून आत आलेली ऊब बाहेर जात नाही. वर आडवी टाकी. मोटर नाही, आवाज नाही.

मग पाणी फिरतं कसं? इथे मन लावा. वीस अंशांचं एक लिटर पाणी आणि साठ अंशांचं एक लिटर पाणी यांच्या वजनात फरक असतो जेमतेम पंधरा ग्रॅमचा. तेवढ्या हलकेपणानं तापलेलं पाणी नळीतून वर चढतं, टाकीत जातं. गार पाणी जड, ते खाली उतरून त्याची जागा घेतं. सूर्य वर येईल तसा हा फेरा वेग घेतो, ढग आला की मंदावतो, सांजेला थांबतो. दिवसभर कोणी हात लावलेला नसतो. टाकीतही ऊन पाणी वर आणि गार पाणी खाली अशी त्यांची आपली आपण मांडणी होते, म्हणून घरात येणारी नळी टाकीच्या वरच्या अंगाला जोडतात.

हे साधं वाटतं, पण माणसाला ते जमायला वेळ लागला. १७६७पासूनच्या प्रयोगांत जिनिव्हाच्या ओरास दे सोस्यूर यांनी काचा लावलेल्या पेटीत ऊन कोंडून उकळत्या पाण्याहून जास्त तापमान मिळवलं. १८९१मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी उन्हावर पाणी तापवणाऱ्या टाकीचं पेटंट घेतलं. पण त्यातलं पाणी रात्रीतून निवायचं, आणि माणसाला तर ते सकाळी हवं असतं. १९०९मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारा भाग खाली आणि ऊब धरून ठेवणारी टाकी वर अशी वेगळी रचना केली. ऊन मिळवणं हे अर्धं काम, ते रात्रभर सांभाळणं हे उरलेलं अर्धं. आपल्या गच्चीवरच्या टाकीभोवती पफ फोमचा जाड थर असतो तो त्यासाठीच. पहाटे पाच वाजता नळाला येणारं पाणी काल दुपारी तापलेलं असतं.

मग श्रावण येतो. झड लागते, तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, आणि टाकीत पाणी गारच राहतं. हे मान्य करून पुढे जाऊ. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत तो रोज येईलच असं नाही. टाकीत विजेची कॉइल बसवता येते, तेवढ्या दिवसांपुरती ती वापरावी. वर्षातले बहुतेक दिवस उन्हावर भागलं तर उरलेल्या दिवसांची वीज ही चैन ठरत नाही.

यंत्र राखावंही लागतं. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. केटलीच्या तळाशी धरतो तोच पांढरा थर नळ्यांत धरतो आणि वाट अरुंद करतो, म्हणून ठरावीक काळानं सफाई हवी. जिथे पाणी फारच जड, तिथे बारीक तांब्याच्या नळ्यांपेक्षा काचेच्या नळ्या बऱ्या. रिकाम्या तापलेल्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नये, काच तडकते. पाणी भरावं ते सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. काचेच्या नळीच्या टोकाला आतून चंदेरी चकाकी असते. ती दुधाळ पांढरी झालेली दिसली की समजावं, आतली पोकळी गेली, नळी बदलायला हवी. आणि वानरांचा वावर असेल तर वरून जाळी घ्यावी.

आणखी एक गोष्ट. नळ उघडल्यावर आधी नळीत साचलेलं गार पाणी येतं, पंधरा मीटर नळी असेल तर दोन-अडीच लिटर. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळची निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना दोन लिटरचं मोल सांगायला नको. ते पाणी वेगळ्या बादलीत धरा, भांड्यांना किंवा झाडांना होईल. टाकीपासून न्हाणीपर्यंतची वाट जवळची ठेवली आणि नळीला ऊब धरणारं आवरण घातलं तर पाणी आणि ऊब दोन्ही वाचतात.

शेवटी पुन्हा त्या बाईचा विचार करा, चुलीपाशी बसलेल्या. घरातल्या पैशांचा निर्णय बहुधा दुसरं कोणी घेतं आणि पहाटेचा धूर तिच्या वाट्याला येतो. म्हणून हा विषय फक्त वीजबिलाच्या बचतीनं मोजू नये. तिच्या रोजच्या तासाभराच्या झोपेनं, तिच्या डोळ्यांनी, पहिल्या अंघोळीचा मान तिला मिळतो का यानंही मोजावा. सगळ्यांना हे यंत्र परवडेल असं नाही, घरकुलात राहणाऱ्याला तर नाहीच. पण झरी-जामणी, केळापूर, घाटंजीतल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहं यांच्या छतांवर ते हवं, आणि आहे तिथे ते चालू हवं. थंडीत गार पाण्यानं अंघोळ करणारी पोरं तिथे आहेत.

आणि तुम्ही घर बांधायला काढलं असेल, तर स्लॅब पडायच्या आधी मिस्त्रीला दोन गोष्टी सांगा. गच्चीचा दक्षिणेकडचा दोन-तीन चौरस मीटरचा भाग सावलीपासून मोकळा ठेवायचा, आणि न्हाणीपर्यंत ऊन पाण्याची वेगळी नळी भिंतीतून आताच न्यायची. यंत्र आज घ्या, नाही तर पाच वर्षांनी घ्या. वाट मात्र आताच करून ठेवा. नंतर भिंत फोडायला कोणीच धजत नाही.