घास मोजले, शब्द मोजले नाहीत

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजचे दोन श्लोक आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असतात. योगाच्या क्लासमध्ये, नाहीतर डाएटवरच्या एखाद्या व्हिडिओत. भगवंत अर्जुनाला सांगतात की जो अती खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबातच खात नाही त्यालाही साधत नाही. जो सारखा झोपतो त्याला नाही, आणि जो सारखा जागतो त्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं हे सगळं 'युक्त' असतं, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

किती सोपं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं. याच दोन श्लोकांच्या जोरावर गेल्या वर्षी मी एक ग्रुप सुरू केला आणि दोन महिन्यांत एका जिवलग मित्राला दुखावून बसलो. ते आज लिहितोय, कारण तुमच्यापैकी बरेच जण असे ग्रुप चालवतात, आणि माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं.

झालं असं. दिवाळीनंतर ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.१ आलं. गेल्या तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली, ते ही तपासणी दाखवते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "अजून आत गेला नाहीत, पण दारात उभे आहात. मागे फिरायला वाव आहे." घरी बाबांची इन्सुलिनची पेन रोज फ्रिजमध्ये दिसते, त्यामुळे दाराच्या आत काय असतं हे मला चांगलं माहीत होतं.

मार्गशीर्षात आम्ही पाच जण एकत्र आलो. मी, बायको, माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याची बायको आणि सोसायटीतले एक निवृत्त काका. रोज पहाटे साडेपाचला टेकडी. दोन्ही वेळच्या ताटाचा फोटो ग्रुपवर. मैदा बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत. आणि मी पडलो इंजिनीअर, त्यामुळे एक शीट बनवली. जमलं तर हिरवा, खाडा झाला तर लाल. आठवड्याच्या शेवटी कोणाचे किती टक्के तेही आपोआप निघायचं. ग्रुपच्या नावाखाली मी या श्लोकाचा अर्थ लिहून ठेवला होता. मला वाटत होतं, आपण गीता जगतोय.

पहिले तीन आठवडे झकास गेले. एकट्याने गजर बंद करून परत झोपणारा मी, खाली चार जण थांबलेत म्हटल्यावर बूट घालून उतरायचो. एकमेकांच्या सोबतीत ही ताकद खरंच आहे. एकाची भाकरी बघून दुसऱ्याच्या घरी ज्वारी येते. काका पासष्टीचे, ते चढतायत म्हटल्यावर आपल्याला धाप लागली असं सांगायला लाज वाटते.

मग मित्राच्या ओळीत लाल खाने वाढायला लागले. मी लिहायचो, "आज पण खाडा?" आणि पुढे हसणारा चेहरा. तो लिहायचा, "उद्या नक्की." काही दिवसांनी तो टेकडीवर येईनासा झाला, पण ताटाचे फोटो मात्र वेळेवर यायचे. काकडी, मूग, भाकरी, ताक. एके रात्री माझ्या लक्षात आलं की ताटलीच्या कडेला उडालेला टवका, वाटीची जागा, बाजूचा चमचा, सगळं पंधरा दिवसांपूर्वीच्या फोटोसारखंच आहे. तोच फोटो तो परत पाठवत होता.

आणि मी काय केलं? बग सापडल्याच्या आनंदात दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "साहेब, टवका तरी बदला!"

कोणीच हसलं नाही. काकांनी नुसते हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. दहा मिनिटांनी मित्र ग्रुपमधून बाहेर पडला. बायको म्हणाली, "अरे, हे त्याला एकट्याला विचारता आलं नसतं का?" मी म्हटलं, "मी त्याच्या भल्यासाठीच केलं." तिने पुढे वाद घातला नाही.

त्यानंतर आली माघातली जया एकादशी. आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर शेंगदाणे, तूप आणि बटाटा. त्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने खिचडी नाकारली आणि थोडी भगर आणि ताक घेऊन ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडला. म्हटलं, आपल्या श्लोकावर माउली काय म्हणतात ते बघू.

माउलींनी या ठिकाणी खाण्याला माप लावलंय, ते तर मला हवंच होतं. पण ते तिथे थांबत नाहीत. चालणंही मापात असावं म्हणतात. झोपेलाही तिच्या वेळी तिचा मान मिळावा म्हणतात. आणि बोलणंही मोजकं असावं म्हणतात.

बोलणं! आहाराच्या श्लोकात! मी पुस्तक मिटून बसलो. खाण्याची आणि बोलण्याची जीभ एकच. दोन महिने मी तिच्यावरचा प्रत्येक घास मोजला, पण तिच्यावरून सुटणारा एकही शब्द मोजला नाही. साखर सोडली आणि कडू बोललो. मग माझा आहार 'युक्त' कसा?

थोडं पुढे वाचलं तर त्याच अध्यायात अर्जुनाचा एक प्रश्न येतो. आपण हा भाग घाईत वाचून जातो. तो विचारतो, देवा, एखाद्याची श्रद्धा आहे पण प्रयत्न कमी पडला, मन मध्येच ढळलं, तर त्याचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो ना इकडचा ना तिकडचा, असा विरून जातो का? बघा, हा प्रश्न जिंकणाऱ्याचा नाही. ज्याची ओळ लाल झालीय त्याचा आहे.

भगवंत त्याला टक्केवारी सांगत नाहीत. चाळिसाव्या श्लोकात ते म्हणतात की चांगलं करू पाहणाऱ्याची कधीही दुर्गती होत नाही. आणि हे सांगताना अर्जुनाला 'तात' म्हणतात. पार्थ, कौंतेय या नेहमीच्या हाकांमध्ये ही हाक वेगळी आहे. मोठ्या माणसाने लहानाला जवळ घेऊन 'बाळा' म्हणावं तशी. घसरण्याची भीती वाटणाऱ्या माणसाशी बोलताना देवाचा आवाज मऊ होतो. माझा मात्र चढला होता.

मला दिवे घाट आठवला. तीन वर्षांपूर्वी पालखीबरोबर आम्ही दोघं पुण्याहून सासवडपर्यंत चाललो होतो. आळंदी ते पंढरपूर या वाटेवरचा हा फार मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि दमलेल्या पायांनी शेवटी घाट चढायचा. अर्ध्या घाटात माझ्या पोटरीत असा गोळा आला की पाऊल टेकवेना. याच मित्राने माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि रस्त्याच्या कडेला बसून माझी पोटरी चोळत राहिला. बरोबरची मंडळी पुढे निघून गेली तरी तो हलला नाही. एक म्हाताऱ्या आजी तुळस डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "बसा माउली, घाट कुठं पळून जात न्हाई." तेव्हा कोणी मला खाडा लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मी सरळ म्हटलं, "चुकलो रे. चारचौघांत तुझी लाज काढली." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "प्रोजेक्ट बदललाय. अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल असतात, रात्री दीड-दोनला संपतात. तेव्हा भूक लागते, मग मिळेल ते खातो. वडापाव, नूडल्स. साडेपाचला टेकडीवर कसा येणार? आणि तुझ्या त्या शीटमध्ये 'नाही जमत' असं सांगायला कॉलमच नव्हता. म्हणून जुने फोटो टाकायचो."

मंडळी, श्लोकात झोप आणि जागणं स्पष्ट लिहिलंय. मी फक्त जेवणाचा भाग उचलला. तीन तास झोपलेल्या माणसाला पहाटे टेकडीवर ओढणं, हा मी श्लोकाच्याच नावाने मोडलेला श्लोक होता.

'युक्त' आणि 'योग' हे दोन्ही शब्द 'युज्' या एकाच धातूपासून आले आहेत. युज् म्हणजे जोडणं. युक्त म्हणजे जे जुळतं, ज्याच्या त्याच्या परिस्थितीला शोभतं ते. काकांचं युक्त वेगळं, माझं वेगळं, रात्रपाळीवाल्याचं वेगळं. आणि ज्या नियमामुळे माणूस आपल्यापासून तुटतो, तो कितीही आरोग्यदायी असला तरी त्याला युक्त कसं म्हणायचं?

दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या भक्तांचं वर्णन करतात. त्यांचं चित्त देवाच्या ठायी असतं, ते एकमेकांना जागं करतात, त्याच्याविषयीच बोलत राहतात आणि त्यातच समाधान मानतात. एकमेकांना जागं करणं, हाच तर आपल्या ग्रुपचा उद्देश! पण जागं करायचे दोन प्रकार असतात. आई शाळेसाठी उठवताना केसांतून हात फिरवते. आणि कोणी तोंडावर पाणी मारूनही उठवतं. डोळे दोन्हीकडे उघडतात, पण दुसऱ्या प्रकारे उठवणाऱ्याजवळ कोणी परत झोपायला येत नाही.

आम्ही ग्रुप परत बांधला. शीट काढून टाकली. ताटाचे फोटो ऐच्छिक केले. ज्याचा दोन दिवस पत्ता नाही त्याला ग्रुपवर हटकायचं नाही, फोन करायचा आणि पहिला प्रश्न "का आला नाहीस?" हा विचारायचा नाही, "कसा आहेस?" हा विचारायचा. मित्रासाठी संध्याकाळी सातची फेरी सुरू झाली, त्याच्या कॉलच्या आधी. रात्रीच्या भुकेसाठी वहिनी भाजलेले चणे आणि ताक ठेवतात. रविवारी पाचही जण एकाच घरी जेवतो : भाकरी, पिठलं, पालेभाजी, कोशिंबीर. आणि जेवताना कोणाच्या ताटात कोणी डोकावत नाही, हा काकांनी घातलेला नियम!

चमत्कार वगैरे झाला नाही. माझं एचबीए१सी सहा महिन्यांनी ५.८ आलं, म्हणजे अजून उंबरठ्यावरच, पण तोंड बाहेरच्या बाजूला. मित्राला परत मोकळं व्हायला महिना लागला. तो आठवड्यातून तीनच दिवस येतो. गणपतीत मोदकांवर आम्ही सगळेच घसरलो आणि विसर्जनानंतर सगळेच परत चालायला लागलो. कोणी जुना फोटो टाकला नाही, कारण आता गरजच नव्हती.

गेल्या आठवड्यात रिलीजच्या गडबडीत मी स्वतः चार दिवस गायब होतो. पाचव्या दिवशी सातला फोन वाजला. "माउली, खाली उभा आहे. चपलेवर आलास तरी चालेल." मी चपलेवरच उतरलो.

आजच्यासाठी एवढंच करूया. तुमच्या बरोबर चालणारं, डाएट करणारं, जप करणारं जे कोणी मध्येच थांबलंय, त्याला आज एक फोन लावा. मेसेज नको. वजन, खाडा, संकल्प यातलं काहीही काढू नका, नुसती विचारपूस करा. आणि तुम्हीच थांबला असाल, तर चाळिसावा श्लोक उघडून वाचा. तिथली ती 'तात' ही हाक तुम्हालाही आहे. (ज्यांना मधुमेह आहे किंवा औषधं चालू आहेत, त्यांनी एकादशीचा उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. देव त्याने रागावणार नाही.)

हे विठ्ठला, तू दिलेलं हे शरीर नीट सांभाळण्याची बुद्धी दे. घासाबरोबर शब्दही मोजायला शिकव. आणि घाटात कोणी मागे राहिलं, तर त्याच्याजवळ बसण्याइतका वेळ माझ्याकडे असू दे.

॥ राम कृष्ण हरी ॥