सीटची पाठ कोणाची?

गाडी माझी, हप्ते मी भरतो, बसणारी पाठही माझीच. मग ड्रायव्हरच्या जागी कुठली सीट असावी हे सांगणारे तुम्ही कोण?

हा प्रश्न माझ्या मावसभावाचा. तो मीरा रोडला राहतो. त्याच्याकडे साधी पाच सीटर हॅचबॅक आहे आणि तिच्यात त्याला बकेट सीट बसवायची आहे. रेसच्या गाडीत असते तशी: पाठ आणि बैठक एकाच साच्यातली, खांदे आणि मांड्या दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी, मागे न झुकणारी. घोडबंदर रस्त्याच्या वळणांवर अंग घसरत नाही, स्टिअरिंगला धरून तोल सावरावा लागत नाही, हात फक्त गाडी वळवायला मोकळे राहतात, असं तो म्हणतो. त्यात तथ्य आहे. म्हणून ‘पोरांची थेरं’ म्हणून हा विषय उडवून लावणं मला पटत नाही.

त्याच्या बाजूनं एक भक्कम तत्त्वही आहे. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये मांडलेलं: माणसावर जबरदस्ती करायचीच तर ती दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी म्हणून नव्हे. धोका मी पत्करतोय, तर निर्णयही माझा. प्रश्न इतकाच उरतो, की या सीटचा धोका खरोखर एकट्या बसणाऱ्याचा आहे का?

रेसची सीट एकटी काम करत नाही. रेसमध्ये ड्रायव्हरला अनेक पट्ट्यांचा हार्नेस असतो, डोक्यावर हेल्मेट, मानेला आधार देणारं उपकरण आणि भोवती लोखंडी रोल केज. गाडी उलटली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून तो पिंजरा. यातली फक्त सीट आणि हार्नेस उचलून रस्त्यावरच्या गाडीत आणले, तर छत दबल्यावर माणूस सरळ बांधलेला राहतो. त्याला वाकायलाही जागा नसते. शिवाय एफआयएच्या ८८५५-१९९९ मानकाच्या सीटला निर्मितीपासून ५ वर्षांची मुदत असते. रस्त्यावरच्या गाडीत ती मुदत मोजणारं कुणी नसतं.

कंपनीची सीटही एकटी नसते. बऱ्याच गाड्यांत पट्ट्याचं बकल सीटलाच जोडलेलं असतं. साइड एअरबॅग असेल तर ती अनेकदा सीटच्या पाठीतच शिवलेली असते आणि तिची वायर सीटखालून जाते. सीट काढली की एअरबॅगही गेली, आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागून राहतो. त्यावर बाजारात उपाय आहे: त्या वायरला एक छोटा रेझिस्टर जोडायचा. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा रेझिस्टर. सीट बदलणं ही निवड झाली. दिवा विझवणं म्हणजे खोटं बोलणं, आणि हे खोटं गाडीच्या पुढच्या मालकापर्यंत जातं. चार वर्षांनी गाडी विकताना मूळ सीट परत बसवली आणि वायर तशीच राहिली, तर घेणाऱ्याला काहीच कळणार नाही. त्यानं कुठलाही धोका पत्करलेला नसेल.

आता सीटच्या मागच्या बाजूला येऊ. पुढच्या सीटची पाठ म्हणजे मागे बसलेल्याच्या समोरची भिंत. अपघातात त्याचे गुडघे आणि डोकं तिथे आदळू शकतात, म्हणून कंपनीच्या सीटची मागची बाजूही धक्का शोषून घेण्याच्या दृष्टीनं तपासलेली असते. बकेट सीटचं कवच बहुतेकदा फायबरचं, कडक. ते पुढे बसणाऱ्याला धरून ठेवण्यासाठी घडवलेलं असतं. रेसच्या गाडीत मागे कुणी बसतच नाही, तेव्हा त्याचा विचार का करावा?

काशिमीऱ्याहून वर्सोवा पूल ओलांडून हाच महामार्ग अहमदाबादकडे जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच रस्त्यावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. तिथे बकेट सीटचा काही संबंध नव्हता. पण मागच्या सीटवरही माणूस असतो, हे आपल्याला त्या दिवशी आठवलं. मागच्यांनी पट्टा लावण्याचा नियम आधीपासून होता. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून तो सगळ्या प्रवाशांना लागू करण्याचं जाहीर केलं.

मावसभावाच्या गाडीत मागे बहुतेक वेळा मावशी बसते. मी म्हटलं, तिला विचारलंस का? तो हसला. ‘आई नाही म्हणेल का कधी?’ खरंच आहे ते. मावशी म्हणेल, तुला आवडतंय ना, मग बसव. आपल्या घरांत संमती अशीच दिली जाते, मायेपोटी, काय मान्य केलं ते न कळता. रेसच्या ट्रॅकवर उतरणारा माणूस धोका समजून, सही करून उतरतो. मावशीच्या होकाराला मी तशी संमती म्हणू शकत नाही. मिलचं तत्त्व इथे त्याच्या मदतीला येत नाही.

मग कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण आरसीवर आसनक्षमता असते, ड्रायव्हरची सीट कुठल्या बनावटीची ते नसतं. म्हणजे वकिलाला वाद घालायला जागा आहे. आणि एका स्कूटरवर चौघं विनाहेल्मेट जातात त्या रस्त्यावर माझी सीटच तुम्हाला दिसते का, हा मावसभावाचा टोलाही वाजवी आहे.

तरी मला वाटतं, नोंदणी हा सरकारी कागद असला तरी त्यात एक वचन आहे. गाडीत बसणारा, ती पुढे विकत घेणारा, यांतल्या कुणालाही बोनेट उघडून किंवा सीटखाली वाकून पाहता येत नाही. नंबरप्लेट बघून ते धरून चालतात, की गाडी आतून जशी असायला हवी तशीच आहे. ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणारा हे वचन मोडत नाही. दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करून त्याची आरसीवर नोंद करणाराही मोडत नाही, कारण तो बदल सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवतो.

मावसभावानं अजून सीट घेतलेली नाही, किमती बघतोय. मी त्याला नको म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, की ट्रॅकवर जायचं तर जा, तिथे ही सीट शोभते. पण रोजच्या गाडीत बसवायचीच असेल, तर आधी एकदा स्वतः मागे बसून त्या कवचाकडे बघ. आणि दिवा लागला तर लागू दे, तो विझवू नकोस.