एका शब्दाची किंमत



जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडून किती मागावे?

जेरेमी मूर हे ब्रिटनच्या रॉयल मरीन्समधील अधिकारी. डिसेंबर १९६२ मध्ये, कॅप्टन असताना, त्यांच्या तुकडीने बोर्निओतील लिंबांग येथील ओलिसांची बंडखोरांकडून सुटका केली. त्यात पाच मरीन सैनिक कामी आले. विजयाची किंमत त्यांनी जवळून पाहिली होती.

१९८२ साली फॉकलंड बेटांवरील ब्रिटिश भूदलाचे सेनापती मेजर जनरल मूर होते. १४ जूनच्या रात्री स्टॅन्ली येथे अर्जेंटिनाचे जनरल मेनेंडेझ शरणपत्रावर सही करायला बसले. मसुद्यातला ‘बिनशर्त’ हा शब्द त्यांनी खोडला. मूर यांनी तो खोडू दिला.

हा दुबळेपणा होता का? शत्रूसैन्याने शस्त्रे खाली ठेवली, बेटे परत मिळाली. गावात सामान्य नागरिक होते, हिवाळा कडक होता. त्या युद्धात ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक मेले. एका शब्दाच्या हट्टापायी हा आकडा वाढवायचा?

ज्याचे त्याला परत मिळणे हा न्याय. समोरच्याला नाक घासायला लावणे हा न्यायाचा भाग नव्हे. ती आपल्या अहंकाराची भूक असते. मात्र शब्द सोडताना दुर्बलाचा हक्कही सुटत असेल, तर ते औदार्य नव्हे, पळपुटेपणा ठरेल. मूर यांनी शब्द सोडला, हक्क सोडला नाही.

घरच्या वाटणीत आपला वाटा मिळाल्यावरही ‘आधी चूक कबूल कर’ म्हणून आपण भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरतो. तेव्हा स्वतःला विचारावे: मला न्याय हवा आहे, की त्याची खाली गेलेली मान?