बद्द आवाज

माढ्यात एक कुंभार होता. त्याचा मुलगा बाजाराच्या दिवशी बापाबरोबर मडकी विकायला बसायचा. गिऱ्हाइकाच्या हातात मडकं देण्याआधी तो ते बोटाने वाजवून बघायचा. खणखणीत वाजलं तर पुढे करायचा. बद्द वाजलं तर बाजूला ठेवायचा. बद्द वाजणाऱ्या मडक्याला कुठेतरी तडा असतो, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो.

मुलगा मोठा झाला तेव्हा बापाने त्याला कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ म्हणून लावलं. कुर्डुवाडी माढा तालुक्यातच आहे. तिथे तेव्हा दोन लाइनी भेटत. एक मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन. तिच्या रुळांत साडेपाच फुटांचं अंतर. दुसरी बार्शी लाइट रेल्वेची, तिच्या रुळांत अवघं अडीच फुटांचं. ही छोटी गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ साली पंढरपूरकडे गेली आणि १९११ साली लातूरला पोचली. तिचे डबे याच कारखान्यात दुरुस्त होत.

कारखान्याचे मिस्त्री मोठ्या लाइनीवरून आले होते. कामाला पक्के होते. लांब दांड्याची हातोडी घेऊन ते गाडीचं एकेक चाक ठोकत जात आणि कान देऊन ऐकत. धड चाक वाजतं, तडकलेलं चाक वाजत नाही. नवीन आले तेव्हा मात्र त्यांनी छोट्या गाडीची कितीतरी चांगली चाकं बाद ठरवली होती. मोठ्या चाकांचा आवाज त्यांच्या कानात बसला होता, आणि ही चाकं बारीक वाजत होती. एका म्हाताऱ्या फिटरने त्यांना थांबवलं. "चाक लहान आहे, म्हणून सूर बारीक आहे," तो म्हणाला. "तडा नाही." मिस्त्रींना ते पटलं. आठवडाभरात त्यांचा कान तयार झाला.

त्या वर्षी कारखान्यात दोन शिकाऊ मुलं होती. एक पुण्याचा, एक हा माढ्याचा. पुण्याचा मुलगा पुस्तकात छापल्यासारखं बोलायचा. माढ्याचा मुलगा माढ्यात बोलतात तसं बोलायचा. माढा, करमाळा, बार्शी या भागांत बोलताना 'ण'चा 'न' होतो, 'आहे'चं 'हाय' होतं, 'नाही'चं 'न्हाई' होतं. हे गबाळेपणाने होत नाही, नेमाने होतं. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या तसंच बोलतात आणि एकमेकांना सगळं नीट कळतं.

मिस्त्रींना ते बोलणं अडाणी वाटायचं. पुण्याच्या मुलाला ते नीट समजावून सांगत. माढ्याच्या मुलाला झाडू मारायला आणि तेलाचे डबे उचलायला लावत.

आषाढी जवळ आली. लातूरकडून वारकऱ्यांच्या गाड्या भरून येऊ लागल्या. संध्याकाळी एक गाडी यार्डात उभी होती. सकाळी ती पंढरपूरला जायची होती. मिस्त्रींनी पुण्याच्या मुलाला चाकं ठोकायला पाठवलं. तो ठोकत पुढे गेला. माढ्याचा मुलगा त्याच्या मागून तेल घालत चालला होता. एका चाकापाशी तो थांबला, मग परत मिस्त्रींकडे आला.

"मिस्तरी, तिसऱ्या डब्याचं मागलं चाक बद्द वाजायलंय," तो म्हणाला. "झिरपनाऱ्या मडक्यावानी. कुनीतरी एकदा बगा की."

"झिरपनाऱ्या नव्हे, झिरपणाऱ्या," मिस्त्री म्हणाले. "कुनी नव्हे, कुणी. बगा नव्हे, बघा. आधी बोलायला शिक, मग चाकं ऐक."

आजूबाजूचे कामगार हसले. मिस्त्रींनी तीन शब्द दुरुस्त केले आणि चाक तसंच राहिलं.

त्यांनी पुण्याच्या मुलाला विचारलं, "काय रे, चाकं ठीक आहेत ना?"

"मला ठीक वाटली," तो म्हणाला.

तेवढ्यावर विषय संपला.

माढ्याचा मुलगा रात्री घरी गेला नाही. पुन्हा सांगायला जावं असं त्याला वाटत होतं, पण तोंड उघडेना. उघडलं की लोक हसणार. गाडी मात्र सकाळी सुटणार होती आणि तिसऱ्या डब्यात माणसं बसणार होती. शेवटी तो उठला, अंधारात यार्डात गेला आणि त्या चाकावर त्याने खडूने मोठी फुली मारली.

पहाटे मिस्त्रींना ती फुली दिसली. त्यांनी चाक ठोकलं. आवाज बद्द आला. ब्रेक आवळलेला असला तरी चाक नीट वाजत नाही, म्हणून त्यांनी ब्रेक सोडवून पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. त्यांनी चाकावर रॉकेल चोळलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

मिस्त्रींनी तिसरा डबा गाडीतून काढायला लावला. दुसरा डबा जोडून होईपर्यंत गाडीला उशीर झाला. फलाटावर वारकरी खोळंबले. एक जण म्हणाला, "गाडी कव्हा निघायलीय?" दुसरा म्हणाला, "कवा सुटून राह्यली गाडी, बाप्पा?" तिसरा म्हणाला, "कवा सुटनार व्हय?" प्रत्येकाचं बोलणं निराळं होतं आणि प्रत्येकाला जायचं होतं एकाच गावाला. मिस्त्रींनी सगळ्यांना नीट उत्तर दिलं. कुणाचाही शब्द दुरुस्त केला नाही.

गाडी सुटली. मिस्त्रींनी पुण्याच्या मुलाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास. तुझा कान तयार झाला."

"फुली माझी नाही," पुण्याचा मुलगा म्हणाला. "मला फरक कळलाच नव्हता. फुली त्याची आहे. त्याने काल तुम्हाला सांगितलं होतं."

या पुण्याच्या मुलाचंही मला कौतुक वाटतं. आयती मिळालेली शाबासकी त्याने परत केली.

मिस्त्री माढ्याच्या मुलाकडे वळले. "मग मला पुन्हा का नाही सांगितलंस?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "एकदा सांगितलं हुतं, मिस्तरी. तवा तुमी माजं बोलनं ऐकलं. मी काय सांगत हुतो ते ऐकलं न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही.

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बारीक सुराच्या चाकाला मी एकदा तडकलेलं समजलो होतो. लोखंडाच्या बाबतीत ती चूक आठवड्यात सुधारली. माणसाच्या बाबतीत आज कळलं. सूर वेगळा असला म्हणून तडा नसतो."

त्यांनी आपली लांब दांड्याची हातोडी मुलाच्या हातात दिली. आषाढीच्या उरलेल्या सगळ्या गाड्यांची चाकं त्या वर्षी त्यानेच ठोकली. पुण्याचा मुलगा त्याच्या बरोबर चालायचा आणि कान कसा लावायचा ते शिकायचा.

आता कुर्डुवाडीहून छोटी गाडी निघत नाही. पंढरपूरकडे आणि लातूरकडे मोठी लाइन झाली. माढ्याची मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला जातात. तिथे वर्गात किंवा मुलाखतीच्या खोलीत त्यांच्या तोंडून 'न्हाई' निघतं, कुणीतरी हसतं, आणि त्यांतली काही गप्प होतात. त्या वर्गात शिकवणाऱ्यांना आणि त्या खोलीत प्रश्न विचारणाऱ्यांना विनंती आहे: ती काय सांगतात ते आधी पुरतं ऐकून घ्या.