खाच कोणाच्या वजनाची?

क्लासिक ३५०च्या मागच्या शॉकअपना प्रीलोडच्या ६ खाचा असतात. टूलकिटमधला वाकडा पाना कॉलरमध्ये अडकवायचा, फिरवायचा, दोन्ही बाजू एकाच खाचेवर आणायच्या. पार्किंगमध्येही होतं. याने स्प्रिंग कडक होते हा मात्र गैरसमज. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून जास्त दाबलेली असते. म्हणून वजन पडल्यावर गाडी कमी बसते.

पण कोणाचं वजन? मी पाच दिवस एकटा ऑफिसला जातो, शनिवारी मागे आई असते. माझ्यापुरतं मऊ ठेवलं तर दोघांच्या वजनाने गाडी मागे दबते आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. मागचा माणूस जवळजवळ चाकावरच बसलेला, दणका त्याला जास्त. आई ‘ठीक आहे रे’ म्हणते, आणि ते खरं मानणं मला सोयीचं असतं. शिवाय मागून दबलेल्या गाडीचा हेडलाइट वर उचलला जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. त्याला तर कुणी विचारलेलंच नाही.

पाच दिवस विरुद्ध एक, या हिशोबात मी जिंकतो. पण माझी कुरकुर आणि तिच्या कमरेतली कळ एकाच रकान्यात कशी मांडायची? दर शनिवारी खाच बदलणं हे आदर्श उत्तर. मला मात्र घाईतही टिकेल असं काहीतरी हवं होतं. म्हणून खाच कायमची दोघांची. एकटा असताना गाडी जरा उडते. पण खड्डा मला आधी दिसतो, फुटरेस्टवर उभंही राहता येतं. तिला समोर फक्त माझी पाठ दिसते.